ओंत्लामेत्सेची जीभ

ओंत्लामेत्सेचा आवाज मी आधी ऐकला, ती नंतर दिसली. तेव्हा मी राजधानीच्या रेडिओ केंद्रात टेप लावायच्या कामावर नवा होतो. काचेपलीकडे एक सडपातळ बाई गुरांच्या बाजाराचे भाव वाचत होती. उच्चार इतके स्वच्छ की मला वाटलं, ही दक्षिणेकडच्या आमच्या कान्ये गावचीच. बाहेर आल्यावर मी विचारलंही.

"हो, कान्येचीच," ती म्हणाली आणि पुढचा कागद उचलून निघून गेली.

कान्येला ती शिकायला होती, एवढंच खरं होतं. घर तिचं उत्तरेला, सेरोवेजवळच्या पाजे गावात. हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमची सेत्स्वाना भाषा एकच, पण जिभेची वळणं दोन. आम्ही दक्षिणेकडचे 'त्ल' म्हणताना जीभ टाळूला टेकवतो आणि वारा कडेने सोडतो. उत्तरेकडची माणसं त्या कडेला जातच नाहीत, सरळ 'त' म्हणून मोकळी होतात. आमचा ससा म्मुत्ला, त्यांचा म्मुता. आमचा 'त्ल्ह' त्यांच्याकडे नुसता 'थ'. ओंत्लामेत्सेला तिच्या घरी सगळे ओंतामेत्सेच म्हणायचे. पण पुस्तकं आमच्या उच्चारांनी लिहिलेली, बातम्या आमच्या उच्चारांत वाचायच्या. त्यामुळे शहाणं बोलणं म्हणजे आमचं बोलणं, असं सगळ्यांनीच धरलेलं.

मासा म्हणजे आमचा त्ल्हापी. कान्येच्या वसतिगृहात ही मुलगी पहिल्याच आठवड्यात तो शब्द 'थापी' असा बोलली, आणि तेच तिचं नाव पडलं. "ए थापी, परत म्हण ना, आम्हाला नीट ऐकू नाही आलं." मग ती न्हाणीघरात नळ सोडून, पाण्याच्या आवाजाआड जीभ वळवत बसायची. वर्षभरात तिने ती वळवली. सुट्टीत घरी गेली की उलटी फिरवायची, आणि गाडीत बसली की पुन्हा सुलटी.

रेडिओत एकदा मात्र ही मेहनत तिच्यावरच उलटली. माणसाला नोकरीवर घेणं म्हणजे थापा आणि आंघोळ करणं म्हणजे त्ल्हापा. उत्तरेत दोन्हीला थापाच म्हणतात, ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. बातमी नव्या शिक्षकांच्या भरतीची होती. कागदावर 'थापा' दिसताच ती बिचकली असावी. आपल्या घरची खूण वाटून तिने तिथे ठसठशीत 'त्ल्हापा' घातलं. येत्या वर्षी सरकार नव्या शिक्षकांना आंघोळ घालणार आहे, असं साऱ्या देशाने ऐकलं.

"मा, साबण सरकारी की शिक्षकांनी घरून आणायचा?" दाराशी बसणाऱ्या पहारेकरी रा बोंत्सीने तिला विचारलं; आमच्यात मानाने बाईला मा म्हणतात, पुरुषाला रा. तीही हसली. जीभ घसरली म्हणाली. नंतर दिसली तेव्हा तिच्या झग्याची कॉलर ओली होती आणि डोळे लाल.

पुढच्या हिवाळ्यात तिची आई आली.

म्हातारीला सगळे मा-ओतेंग म्हणत, थोरल्या मुलाच्या नावावरून. डोळे अंधुक झाले होते, म्हणून राजधानीच्या इस्पितळात दाखवायला आली होती आणि भाच्याकडे उतरली होती. मुलीला न कळवताच ती रेडिओच्या दाराशी येऊन बाकावर बसली. मांडीवर मुलीला खायला आणलेल्या, वाळवलेल्या फाने-अळ्यांचं गाठोडं. रा बोंत्सीने विचारलं, कुणाला बोलावू? "कुणाला नको, बाळा. माझं माणूस आत काम करतंय. सुटेल तेव्हा येईल." मग त्याला डोळ्यांविषयी, रस्त्याविषयी, गावातल्या माकडांविषयी सांगत बसली.

आमचे मुलांच्या कार्यक्रमाचे साहेब, रा मोरेमेदी, तिथून चालले होते. ते थबकले. असं रसाळ बोलणं ऐकून ते तिला गोष्ट सांगायला आतच घेऊन आले. मी माइक लावत होतो, तेवढ्यात ओंत्लामेत्से हातात बातम्यांचे कागद घेऊन दारातून डोकावली.

"बरं झालं आलीस," साहेब म्हणाले. "ही आजी उत्तरेकडची आहे. काय बोलते ते कळतंय का तुला?"

म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. तिचा चेहरा फुलला होता. ती उठायला लागली.

"थोडंफार कळतं," ओंत्लामेत्से म्हणाली. "उत्तरेकडचे असंच बोलतात. तोंडात घास असल्यासारखं."

म्हातारी अर्धवट उठलेली तशीच पुन्हा खाली बसली.

"तुमचं माणूस कोणत्या खात्यात आहे, मा?" साहेबांनी विचारलं.

"माझी चूक झाली असेल," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच दाराशी आले वाटतं. पण गोष्ट सांगते, तुम्ही एवढं बोलावलंत."

आणि तिने गोष्ट सांगितली, पण रा बोंत्सीशी बोलली होती त्या बोलीत नव्हे. ससा म्हणताना थांबली, ओठ आवळले, आणि म्हणाली: म्मुत्ला. पहिल्यांदा जमलं. मग प्रत्येक 'त'शी ती झटू लागली. जिथे 'त्ल' हवा तिथेही आणि जिथे नको तिथेही. डोंगर म्हणजे थाबा, दोन्हीकडे तोच शब्द. तिने त्याचा केला त्ल्हाबा. आमच्या कानाला तो 'भोसक' असा हुकूम वाटतो. ससा हत्तीला घेऊन भोसकावर चढला, भोसकावरून खाली बघू लागला. खोलीत हशा पिकला. साहेब रुमालाने डोळे पुसत होते. हशाचा अर्थ म्हातारीला कळला नाही. गोष्ट आवडली असं समजून तिने आणखी दोन त्ल्हाबा घातले.

ओंत्लामेत्से दाराची चौकट धरून उभी होती. हातातले कागद तिने इतके घट्ट धरले होते की ते चुरगळले. गोष्ट संपायच्या आत ती निघून गेली.

संध्याकाळी ती आई उतरली होती त्या भाच्याच्या घरी गेली. पुढचं तिने मला खूप वर्षांनी सांगितलं.

आई चुलीशी बसली होती. "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

"आई, मी आज..."

"कामाच्या जागी माणसाला अडचणीत आणू नये. मीच कळवून यायला हवं होतं." मग हलक्या आवाजात: "मला एक सांग. आधी वाटलं, गोष्ट आवडली. पण ते इतके का हसले? मी कुठे चुकले?"

ओंत्लामेत्से चुलीतलं लाकूड पुढे सारू लागली.

"मी तुझ्यासारखंच म्हणत होते ना? सुट्टीत तू पहिल्या दिवशी बोलतेस तसं. मला वाटलं, आपण नीट बोललो तर मग तुला सांगता येईल, ही माझी आई म्हणून."

ओंत्लामेत्से मला म्हणाली, आईने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्या बोलण्यात काही उणं आहे हे त्या बाईला आयुष्यभर कधी वाटलं नव्हतं. ते त्या दुपारी वाटलं आणि माझ्यामुळे वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत ती उभी राहिली. "कालची बाई माझी आई आहे. मी कान्येची नाही, पाजेची आहे. ती टेप लावू नका." साहेबांचं तोंड उतरलं. ते म्हणाले, टेप पुसून टाकू, आजींना परत बोलावू, त्यांच्या स्वतःच्या बोलीत सांगू देत. मी टेप पुसली. दारात रा बोंत्सी तिला म्हणाला, "मला कालच वाटलं होतं, मा. चालता चालता तुम्ही दोघी सारख्याच थबकता." ती मान खाली घालून आत गेली.

साहेबांचं बोलावणं घेऊन ती स्वतः आईकडे गेली. मा-ओतेंग म्हणाली, "नको. तुमच्या त्या खोलीत माझं तोंड उघडणार नाही." डोळ्यांची औषधं घेऊन ती गावी परतली.

त्यानंतर ओंत्लामेत्से प्रत्येक सुट्टीला पाजेला जाऊ लागली. घरच्यासारखं बोलू बघायची, पण आता तिचा 'त' मुद्दाम काढलेला वाटायचा. मावशी फटकन म्हणाली, "आम्हाला वेडावतेस होय गं?" आई मध्ये पडली, "राहू दे. तिला जसं येतं तसं बोलू दे." त्या 'राहू दे'नेही ती ओशाळली. गावात नवी नर्स आली, दक्षिणेची. तिच्यापुढे मा-ओतेंग तोंडावर शाल धरून बोलायची, किंवा नातवालाच बोलायला लावायची.

पुढे रा मोरेमेदींनी मुलांच्या कार्यक्रमात उत्तरेकडच्या बोलीतल्या गोष्टी सुरू केल्या. ओंत्लामेत्सेनेच आग्रह धरला होता. दूरदूरच्या म्हाताऱ्या येऊन सांगून गेल्या. मीच त्या टेपवर घेतल्या. ससा म्मुता राहिला, कुणी हसलं नाही. काही शाळांनी कुरकुर केली, मुलांचं शुद्धलेखन बिघडेल म्हणून. तिने त्यांना उत्तरं लिहिली, कार्यक्रम चालू राहिला. लोक तिचं कौतुक करायचे तेव्हा ती विषय बदलायची.

मा-ओतेंग गेल्यावर काही वर्षांनी मी पाजेला गेलो होतो. ओंत्लामेत्से निवृत्त होऊन तिथेच राहत होती. अंगणात चहा घेताना मी विचारलं, आईने नंतर कधी गोष्टी सांगितल्या का?

"सांगायची ना. नातवंडांना रोज," ती म्हणाली. "कुंपणापलीकडूनच मला ऐकू यायचं. मी आत पाऊल टाकलं की थांबायची."