दिव्याच्या काचेला लावलेलं बोट

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल, तेवढं सांभाळून घ्या. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला तर नाहीच. आत्ता लिहितानाही दाराकडं बघतेय.

सोलापुरात आमची खानावळ होती. क्रिकेट बघायला गिऱ्हाईक बसावं म्हणून ह्यांनी एक जुना टीव्ही घेतला. कपाटाएवढा. त्याच्या पोटात दिवा असतो, तो मागून पडद्यावर उजेड टाकतो. दिवा गेला की नुसता आवाज. तो गेलाच. अंबादास मेकॅनिकनं पुण्याहून नवा आणला. महाग होता, पैसे आम्ही आधीच दिले.

दिवा टेबलावर ठेवून तो टीव्हीचं मागचं झाकण खोलत बसला. आमच्या केम गावाला नवी वस्तू घरात आली की हळद-कुंकू लावतात, मग ती सायकल असो नाहीतर शेगडी. मी तेच केलं. दिव्याच्या वाटीसारख्या आरशात इवलासा काचेचा फुगा होता, त्याला कुंकवाचं बोट टेकवलं. तेवढ्यात अंबादास पाठमोराच म्हणाला, "वैनी, काचेला बोट लावू नका हां. हाताचं तेल राहिलं की तापून फुटतो."

मी घाईनं पदरानं पुसलं. बसवताना त्यानं विचारलं, कुणी हात नाही ना लावला? मी मान हलवली — नाही. सांगायला काय झालं होतं मला? त्यानं नीट पुसून घेतला असता.

आठव्या दिवशी, मॅच रंगात असताना, दिवा फाडकन फुटला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मालक, सिक्सर पडद्याच्या मागं पडला की." सगळे हसले. हे हसले नाहीत. अंबादासनं जुनाच दिवा बसवला, हा ह्यांचा संशय. मला विचारलं, "तू हितंच होतीस की. काय बघितलंस?"

मी म्हणाले, "त्याच्या पिशवीत अजून एक दिवा होता."

होताच. आमचाच, काढलेला, गेलेला — तेवढं मी सांगितलं नाही. खोटं बोलली असं कुणाला म्हणता येऊ नये, इतकं जपून बोलले.

ह्यांनी गल्लीभर सांगितलं. अंबादासची कामं तुटली. तो आला, टीव्ही खोलून काचा गोळा केल्या, एक तुकडा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं आणि तुकडा खिशात टाकला. कळलं होतं का त्याला? मग बोलला का नाही? त्या दिवसापासून कुणी माझ्याकडं जरा जास्त बघितलं की वाटतं — ह्याला सांगितलंय त्यानं. हे गप्प बसले तरी तेच वाटतं. त्या सरळ माणसाकडं मी तो चोर असल्यासारखं बघत आले.

शेवटी तोच म्हणाला, दिव्याचे पैसे फेडतो, पण नाव घालवू नका. सहा महिने थोडेथोडे देत राहिला. शेवटच्या वेळी हे घरी नव्हते. त्यानं नोटा माझ्या हातात दिल्या.

"मोजून घ्या वैनी. पूर्ण झाले."

मी त्याच्यासमोर मोजल्या. पूर्ण होत्या. डब्यात ठेवल्या.