लावणीच्या बोटाची नखी

सतार शिकायला बसलेल्या माणसाला वाटतं, अवघड आहे ती सतार. मलाही तसंच वाटलं होतं. खरी अवघड निघाली नखी. नखी म्हणजे वाकवलेल्या तारेची टोपी. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाच्या टोकावर बसवायची आणि तिच्या चोचीनं तार छेडायची. वस्तू एवढीशी की वाटेत पडली तर कोणी वाकून उचलणार नाही. त्या एवढ्याशा वस्तूनं आमच्या घरातला एक पावसाळा आणि एक हिवाळा खाल्ला.

सतार माझी नव्हती, दादाची होती. माझा हा थोरला भाऊ कर्जत स्टेशनात कामाला होता. घाट चढणाऱ्या गाडीला तिथे जादा इंजिन लावतात, त्याच्या साखळ्या अडकवायचं त्याचं काम. स्टेशनातल्या तारमास्तरांकडून तो सतार शिकला आणि बदली होऊन जाताना ते आपली सतार त्यालाच देऊन गेले. वहिनी आदल्या साली तापानं गेली होती, मूलबाळ नव्हतं. आपलं म्हणावं असं त्याच्याजवळ ते लाकूडच उरलं होतं. मग ज्येष्ठात एका सकाळी साखळीच्या आकड्यात त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट सापडलं. दोन पेरं गेली, पाठोपाठ नोकरी गेली. तो खालापूरकडच्या आमच्या गावी परतला, सतार खुंटीला टांगली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

बोलेना. ताटातलं ताटात राही. आईनं मला पडवीत गाठलं.

"असाच बसला तर ऱ्हायचा नाय रं तो. ती सतार तू वाजव."

"मला कुठं येते?"

"तुला नाय येत, पण त्याला येते ना? बघू किती येळ गप बसतो."

मी नांगर धरणारा माणूस. शाळा चार यत्ता झाली तीही मारून मुटकून. पण भाऊ डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. सतार खाली काढली. तिच्या भोपळ्यावर ओलीची बुरशी धरली होती.

दादाची नखी माझ्या बोटात शिरेना. त्याची बोटं निमुळती, माझी मुसळासारखी. जोर करून दाबली, ती पेराशी अडकली आणि निघेचना. शेवटी आईनं तेल लावून ओढली. भिंतीकडचा माणूस तेवढ्यापुरता वळला.

"नखी बोटाची असते रं. बोट नखीचं नसतं," तो म्हणाला. आठवड्याभरातलं त्याचं हे पहिलं वाक्य. आईनं पदर तोंडाला लावला.

आषाढ भाताच्या लावणीत गेला. नागपंचमीच्या आधी बांगड्या भरायला कासार आला, तेव्हा आमचं शेवटचं खाचर चाललं होतं. मी चिखलातून तसाच वर आलो आणि त्याला म्हटलं, बोटाला बसेल अशी नखी करून दे. त्याच्याजवळ पितळी तार होती. बायकांचा हात दाबून बांगडीचं माप बघतात तसं त्यानं माझं बोट दाबलं आणि नखी घट्ट वळून दिली. ती मऊ होती, बोटाला टोचत नव्हती. नवशिक्याला न टोचणारी वस्तू चांगलीच वाटते.

तारेतून आवाज निघाला तो ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा.

"पितळ लावलंस पोलादाच्या तारंला," दादा पाठमोराच बोलला. "ती काय बोलंल?"

तरी मी रेटत राहिलो. गौरी-गणपती आले, हात चिखलातून सुटले आणि बोटं सुकली. आम्हा भातवाल्यांची बोटं लावणीत पाणी पिऊन फुगतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण नखीचं माप देताना कोणाच्या डोक्यात येतं? एका संध्याकाळी मी जोरात हात मारला आणि नखी उडून चुलीवरच्या कालवणात पडली.

"लावणीच्या बोटानं माप दिलंस?" दादा उठूनच बसला. "आरं, भात लावायचं व्हतं का सतारीवर?" आणि तो हसला. खोकला येईपर्यंत हसला. त्या दिवशी त्यानं भाकरीवर ठेचा मागून घेतला.

मग खोपोलीच्या लोहाराकडून पोलादी नखी आणली. ती इतकी जाड की नखाच्या कडेला रक्त आलं. मी चिडून सतारीलाच नावं ठेवली, तारांखालची घोडी वाकडी आहे, पडदे सरकलेत. "नाचता येईना आंगण वाकडं," दादा म्हणाला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. हात असा धर, मनगट सोड, आत मारलास तर दा, बाहेर मारलास तर रा. तो दिवसभर माझ्यावर ओरडे. खोपोलीच्या बाजाराला स्वतः चालत जाऊन बारीक पोलादी तार घेऊन आला. सांडशी गुडघ्यांत धरायची आणि डाव्या हातानं तार वळायची, असं त्याचं चाले. एक नखी सैल झाली, एकीची चोच आखूड झाली, एक तारेत अडकू लागली. प्रत्येक वेळी मी चुकायचो, तो शिव्या घालायचा आणि आई भात वाढायची. त्याच्या अंगावर मांस धरू लागलं. आम्ही सुखात होतो हे तेव्हा कळलं नाही.

मळणी आटोपल्यावर, मार्गशीर्षात, त्यानं सकाळच्या कोरड्या बोटाला दोरा गुंडाळून माप घेतलं. त्या मापाची नखी माझ्या बोटावर बसली आणि तिचं ओझंच वाटेना. मी त्यानं शिकवलेली गत, म्हणजे सतारीवरची त्याची नेहमीची चाल, सुरवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. कुठेही अडलो नाही. भोपळा पोटाशी गुणगुणत होता.

"बसली," दादा म्हणाला आणि उठून आत गेला.

आईनं शेजारी गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी दादा माझ्याजवळ आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ताटातलं पुन्हा ताटात राहू लागलं. मी विचारलं, "दादा, काय चुकतंय?"

"आता काय बी नाय चुकत रं."

तेव्हा मला उमगलं. पाच महिने ज्या नखीच्या मागे लागलो, तिनंच त्याचं काम संपवलं होतं. बोट गेलं तरी तो माझ्या चुकांत सतार वाजवत होता. माझ्या चुका सरल्या, आता त्याला कुठे जागाच नव्हती.

म्हणून मी एक गोष्ट केली. नखी मुद्दाम तिरपी बसवली, चोच तारेला खरवडू लागली, दा च्या जागी रा मारला. एकदा, दोनदा. पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दादाची पाठ हलली नाही. मी आणखी वाईट वाजवलं.

"मुद्दाम चुकू नको रं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. "बोट गेलंय माझं. कान नाय गेला."

मग मी नखी सरळ केली आणि नीट वाजवायला लागलो. रोज नीट वाजवत राहिलो, कारण त्यानं मागितलेलं तेवढंच होतं. पौषात त्यानं अंथरूण धरलं. माघाच्या एका दुपारी मी गत संपवून पुन्हा सुरू करत होतो, तेव्हा आईनं त्याच्या तोंडावर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बास कर रं आता. ऐकणारा नाय ऱ्हायला."