अनुमोदक म्हणून माझं नाव

माय सकाळी गेली, आणि ऊन वर चढायच्या आत नगरपालिकेनं तिच्यासाठी कचऱ्याची हातगाडी पाठवली.

मुकादम गाडी घेऊन दारात उभा होता. गाडीच्या तळाला कोबीची सडकी पानं चिकटलेली. कडेनं काळं पाणी ओघळत होतं. माय आत चटईवर, पांढऱ्या लुगड्यात. नुकतंच आम्ही तिला न्हाऊ घातलं होतं.

मी विचारलं, "ही कशाला आणली?"

मुकादम जमिनीकडं बघत म्हणाला, "मालकानं पाठीवली. म्हणले, तिची जलमाची गाडी हाय. तिला सवय हाय."

मालक म्हणजे नगराध्यक्ष. आमच्या गावात त्यांना सगळे मालकच म्हणायचे. मीही म्हणायची. परभणी जिल्ह्यातलं लहान गाव, पण नगरपालिका होती, आणि नगरपालिका त्यांच्या घरची होती.

माय त्या नगरपालिकेत झाडूवाली. पेठ झाडायची, गटारी उपसायची, आणि हीच गाडी ढकलत गावाबाहेर न्यायची. त्याच नगरपालिकेत मी नगरसेविका. बायांसाठी जागा राखीव झाल्या, आमचा वॉर्ड आमच्या जातीला सुटला. वस्तीतल्या बायांत मीच सातवीपर्यंत शिकलेली. लोकांनी मला उभं केलं, निवडून आणलं. गुलाल लागला त्या दिवशीही माय कामावर गेली. पुढं मी वर सभागृहात बसायची तेव्हा खालचं आवार ती झाडत असायची. खराट्याचा आवाज वर यायचा. एकदा एक सदस्य म्हणाला, "बाई, मायीला सांगा जरा हळू झाडाय." सगळे हसले.

माझ्या पहिल्याच अंदाजपत्रकाच्या सभेत मयत न्यायच्या गाडीचा विषय आला. दुर्बल घटकांसाठी काही पैसा राखून ठेवावा लागतो. तो आमच्या वस्तीवर कधीच लागला नव्हता. वस्तीत एक नळ, तोही दिवसाआड. मी नळाचा अर्ज दिला होता. तो विषय आलाच नाही. गाडीचा आला. बडे बाबू, म्हणजे पालिकेचे हेडक्लार्क, ठराव वाचायला लागले आणि शेवटी म्हणाले, "अनुमोदक," आणि माझं नाव घेतलं.

मी शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, अनुमोदक म्हणजे काय. त्यांनी खुर्ची लांब सरकवली. बाबूच म्हणाले, "मांडलेल्या ठरावाला पाठिंबा देणारा. तुमच्या लोकांच्या निधीतून खरेदी हाय, म्हणून तुमचं नाव. तुमी निस्तं हो म्हणायचं."

मी उभी राहिले. म्हटलं, "गाडी सगळ्यांसाठी हाय ना, मालक?"

मालक हसले. "मरण काय जात बघून येतंय का, बाई?"

सभागृह हसलं. मी हो म्हटलं. ठराव सर्वानुमते मंजूर.

गाडी परभणीच्या एका वर्कशॉपात तयार झाली. वर्कशॉप होतं आमच्या मालकांच्या मेव्हण्याचं. हातानं ढकलायची, रबरी चाकं, वर छत, छताला पितळी कळस. नारळ फुटला, पेढे वाटले. गाडी पालिकेच्या मागच्या शेडमध्ये गेली आणि शेडची किल्ली देवळाच्या पंचांकडं. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि मलाही तेव्हा विचारावंसं वाटलं नाही.

माय गेली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. वस्तीतल्या नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला गेल्या होत्या. घरांना कुलपं. माझा नवराही टोळीबरोबर. मागं राहिली होती म्हातारी माणसं, लेकरं, आणि गावात झाडूकाम करणाऱ्या बाया. आमची जळणाची जागा ओढ्यापलीकडं, लांब. खांदा द्यायला पुरुष नव्हते. म्हणून मी सकाळीच गाडी मागायला गेले.

बडे बाबूंनी हात झटकले. "किल्ली आमच्याकडं न्हाई. पंचायला विचारा." पंच म्हणाला, "गाडीवर कळस हाय. मालकाला विचार."

मालक ओट्यावर पेपर वाचत होते. मी खाली पायरीपाशी उभी राहिले. सभेत ते मला बाई म्हणायचे, तुमी म्हणायचे. घरी तू.

"माय गेली," मी म्हटलं.

"कळलं. कामाला चांगली होती."

"गाडी पायजे होती, मालक. वस्तीत माणसं न्हाईत."

त्यांनी पेपर उलटला. "गाडी पाठीवतो. जा तू, तयारी कर."

मी हात जोडले. परतताना वाटेत रडू आलं ते मायीसाठी, आणि थोडं बरं वाटलं म्हणूनही. घरी येऊन बायांना सांगितलं, गाडी यायलीय. आम्ही मायीचे केस विंचरले. आणि मग ती गाडी आली.

गयामावशी मायीच्या जोडीला झाडायची. तिनं गाडीकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. एक म्हातारा म्हणाला, "जाऊ दे पोरी. धुऊन घेऊ. मेलेल्याला काय कळतंय?"

मला कळत होतं. मी जिवंत होते. मायीनं आयुष्यभर गावाची घाण त्या गाडीत वाहिली, आणि गावानं तिला त्या घाणीतच मोजलं होतं. माझ्या नावानं घेतलेल्या गाडीवर मात्र कळस होता.

मी मुकादमाला म्हटलं, "गाडी परत ने. सांग, घेतली न्हाई."

"मालक रागावतील."

"रागावू दे."

अंगणातल्या मांडवाचे बांबू काढले. तिरडी बांधली. बाया मयताला खांदा देत नाहीत. आम्ही दिला. पुढं मी आणि गयामावशी, मागं दोन झाडूवाल्या. आमची मयतं गावाला वळसा घालून मागच्या वाटेनं जायची, अशी रीत होती. मी पेठेच्या रस्त्याला वळले. बायांनी पाय माझ्यामागं टाकले.

पेठेत दुकानदार उठून उभे राहिले. मान म्हणून नव्हे, बघायला. कुणी तरी फळ्या लावून घेतल्या. पालिकेसमोर गयामावशीचा खांदा सोलला, आम्ही तिरडी खाली ठेवली. मायीनंच झाडलेली जागा.

वरच्या गॅलरीत मालक आले. मागं दोन-तीन सदस्य.

"इथं कशाला उतरवलं?"

"खांदा बदलायलोत."

एक सदस्य म्हणाला, "विद्यापीठाला नाव पायजे, आता मेल्यावर कळसाची गाडी बी पायजे. उद्या आमच्या घरात घुसतील."

कुणी त्याला गप्प केलं नाही. मालक हसले, ठरावाच्या दिवशी हसले होते तसेच. नामांतराच्या दंगलीत माझ्या मामाचं घर जाळलं होतं. तेव्हा मायीनं मला ज्वारीच्या कणगीमागं लपवलं होतं आणि तोंडावर हात दाबून धरला होता. आता माय खाली होती. तोंडावर कुणाचाच हात नव्हता.

मी मान वर करून म्हटलं, "अध्यक्ष, ती गाडी आमच्या निधीची हाय. ठरावात माझं नाव हाय."

पहिल्यांदाच मी त्यांना अध्यक्ष म्हटलं. त्यांचं हसू थांबलं. आम्ही तिरडी उचलली. ओढ्याच्या पाण्यातून मायीला पलीकडं नेलं.

त्याची फेड लगेच झाली. गयामावशी रोजंदारीवर होती, तिला कामावरून काढलं. वस्तीचा नळ कोरडा पडला, बाया घागरी घेऊन शेतातल्या विहिरींवर हिंडू लागल्या. काहींनी मला शिव्या दिल्या. मी गयामावशीच्या घरी गेले. तीच म्हणाली, "आता मागं फिरू नको. फिरलीस तर माझी नोकरी फुकट गेली."

पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेला मी गेले. बडे बाबू एकामागून एक विषय वाचत होते. गाडीच्या शेडला नवीन पत्रे. निधी दुर्बल घटकांचा. अनुमोदक म्हणून माझं नाव आधीच टाईप केलेलं.

मी उठले. "माझं नाव खोडा. माझा विरोध लिहा."

बाबू अध्यक्षांकडं बघू लागले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, खाली बसा. तुमच्या विरोधानं काय होणार? मतं आमची हायत."

"ठराव करा पास. पण सर्वानुमते लिहायचं न्हाई."

"बरं. लिहा हो, एक विरोध. झालं?"

"न्हाई झालं. आमच्या वस्तीत पुढचं मयत होईल तेव्हा मी किल्ली मागायला कुणाच्या ओट्याखाली उभी राहणार न्हाई. शेडचं कुलूप फोडीन आणि गाडी नेईन. पोलिसाला आत्ताच सांगून ठेवा."

सभागृहात कुणी हसलं नाही. बाबूंचं पेन कागदावर टेकलेलं, पण हलत नव्हतं.

मी बसले नाही. म्हटलं, "हे बी लिहा. मी म्हणले तसंच लिहा. लिहिल्याबिगर मी इथून हलणार न्हाई."