घड्याळजींचे घास

घड्याळजी ताटावर बसले की दोन घासांत हात आखडता घेत. बायकोला वाटे, आपल्या हातची चव गेली.

"अहो, ताट बघून तोंड कशाला वाकडं करता? आवडत नाही तर सरळ सांगा."

"आवडतं गं. पोट भरलं."

"कशानं, हवेनं?"

अंगावरचा सदरा ढगळ होत चालला, तरी ते याहून जास्त बोलत नसत.

एके सकाळी दुकानात डोळ्याला लावायचं भिंग उजव्या डोळ्यात ठरेना. लावलं की टपकन टेबलावर. आरशात पाहिलं तर उजवा गाल लोंबलेला, पापणी मिटेना, चहा ओठांतून गळू लागला. ते तसेच घरी आले, तशी बायकोची नणंद धावत आली. "वहिनी, रोज वाकडं वाकडं म्हणायचीस, घे आता!" म्हणाली आणि तिनं लगेच जीभ चावली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर पट्टी. वजन कुणी विचारलं नाही. सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे.

बायकोला मात्र कोडं सुटल्यासारखं वाटलं. दुखणं आतून आधीपासूनच असणार, चावता येत नव्हतं बिचाऱ्यांना! ती मऊ भात कालवून स्वतः भरवू लागली. ते मुकाट गिळत. मग भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहत. तिला वाटे, सुस्ती आली.

गाल सावरला, पापणी मिटू लागली. त्या आनंदात तिनं दोन घास जास्तच भरवले. थोड्याच वेळात ते पोट धरून गडबडा लोळू लागले.

मोठ्या दवाखान्यात सर्जनबाईंनी सांगितलं, आतड्यांना रक्त पुरवणारी वाहिनी बरेच दिवस चिंचोळी होत आली होती, आज बुजली. "काका, जेवल्यावर दुखायचं का?"

"दर वेळी."

"अहो, मग बोलला का नाहीत?" बायको कळवळली.

"तुला वाटलं असतं, स्वयंपाकाला नावं ठेवतोय. मग तू भरवायला लागलीस... मग बोलवेना."

ऑपरेशनला नेलं, पण सर्जनबाई फार लवकर बाहेर आल्या. आतडं काळं पडलं होतं. आता हातात काही नव्हतं.

"आधी कळलं असतं तर?" नणंदेनं विचारलं.

"वाहिनीत जाळी बसवून ती रुंद करता आली असती."

"आणि मी भरवलं नसतं तर?" बायकोनं विचारलं.

"घासानं वाहिनी बुजत नाही, काकू. गुठळी अडकली."

तिनं मान डोलावली, पण तिला पटलं नाही.

आत ते गुंगीत होते. नर्सनं ओला कापूस दिला, "ओठ कोरडे पडलेत, जरा लावा." तिनं तो घेतला, पण त्यांच्या तोंडापर्यंत न्यायला तिचा हात धजेना. शेवटी नणंदेनं तो तिच्या बोटांतून सोडवून घेतला.