दोनशे मीटरवरचं निशाण

आसेगावच्या आमच्या शिवारात बाबांना मान होता तो त्यांच्या रायफलीमुळे. पिकाच्या राखणीचा परवाना होता. रानडुकरं हरभरा उकरायला लागली आणि वनखात्याची परवानगी आली, की लोक हाका घालायचे. तुरीतून डबे बडवत माणसं यायची आणि डुक्कर जिथून नाला ओलांडतं, तिथे बाबा पन्नास-साठ पावलांवर उभे असायचे. त्यांची गोळी वाया गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गुडघे गेले, दात गेले, घरात त्यांचं कुणी ऐकेनासं झालं, तरी हाक्याचं पहिलं बोलावणं त्यांनाच.

मी कॉलेजात नेमबाजीच्या स्पर्धा खेळले, एक कांस्यपदक आणलं आणि तेवढ्यावर स्वतःला तज्ज्ञ समजू लागले. गेल्या हिवाळ्यात माहेरी आले तेव्हा बाबांच्या रायफलीचं निशाण नव्याने जुळवायचं मीच डोक्यात घेतलं.

निशाण कुठल्यातरी एका अंतरावर जुळवावं लागतं. त्या अंतरावर नेम धराल तिथेच गोळी बसते, त्याच्या बरंच अलीकडे ती वरून जाते, पलीकडे खाली पडते. म्हणून आधी विचारायचं, आपलं जनावर बहुतेक वेळा किती लांब असतं? मी कुणालाच विचारलं नाही. मोबाइलवरचे परदेशी शिकारी म्हणत होते, सगळ्या कामाच्या रायफलीला दोनशे मीटर. दोनशे म्हटलं की भारदस्तही वाटतं. मी नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उभा खिळा, कानशीने घासून बुटकी केली, लांब दरडीला फळी लावली आणि गोळ्या मधोमध बसेपर्यंत सोडलं नाही. बाबांना एवढंच सांगितलं की निशाण पक्कं केलंय. त्यांनी ते भेटेल त्याला सांगितलं.

हाक्याच्या दिवशी डुक्कर नेहमीच्याच वाटेने आलं. बाबांची गोळी त्याच्या पाठीवरून गेली आणि समोरच्या दरडीची माती उडाली. दुसरी गोळीही तशीच गेली. डुक्कर सरळ शेजाऱ्यांच्या हरभऱ्यात घुसलं. हे शेजारी म्हणजे शेलूबाजारचे किराणा दुकानदार, बाबांना फार मानणारे. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "चाचा, आता आराम करा. पुढच्या टायमाले आमी दुसऱ्याले बोलावतो."

काय घडलंय ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी आहे, निशाण मी बिघडवलं. लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या. लेक असावी तर अशी, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. शिव्या खायला उभी राहिले आणि शाबासकी घेऊन आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी पुन्हा समजावलं. पाटीवर खडूने गोळीची वाट काढून दाखवली. बाबांनी शांतपणे पाहिलं.

"तू माहं मन राखून राह्यली," ते म्हणाले. "माहा हात गेला, मले समजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हट्टाने त्यांना नाल्यावर नेलं. साठ पावलांवर दरडीला टेकून छोटा डबा ठेवला आणि बाबांना दगडावर बसवलं. डब्याच्या बरोबर मधे नेम धरला. पदकाच्या वेळीसुद्धा मी इतका जीव ओतला नव्हता. गोळी डब्यावरून गेली, मागची माती उडाली. मी वळून म्हणाले, बघा, तुमचा हात नाही, निशाणच चुकलंय.

बाबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी उठून रायफल माझ्या हातातून घेतली, उरलेल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या.

"इतल्या जवळून तू चुकत नाही बाई," ते म्हणाले. "माह्यासाठी कायले हरून राह्यली?"

सोमवारी त्यांनी रायफल ठाण्यात जमा केली. जाताना वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, पोरगी लय मायेची आहे.