जवळचा रेडिओ

माझा मित्र शिवलिंग गेल्याचा फोन आला तेव्हा नव्या पेठेतल्या आमच्या चादरींच्या दुकानात मी गिऱ्हाइकाला सांगत होतो, की वेळापूरजवळ चढावर बंद पडलेला उसाचा ट्रक आमच्या एका चादरीनं कसा ओढून काढला. फोन घेतला, ऐकला, खाली ठेवला. गिऱ्हाईक म्हणालं, "मग पुढं?" पुढचं मला अजून आठवलेलं नाही… पाच आठवडे झाले.

शिवा आणि मी पहिलीपासून एका बाकावर. त्याच्या वाटणीचं मीच बोलायचो, हजेरीसुद्धा. माझ्या आवाजानं नातेपुत्याच्या म्हशी दावं तोडतात असं मी सांगायचो आणि तो शांतपणे म्हणायचा, "एकच म्हैस, गुरू. बाकीच्या नुसत्या उठल्या." असा हा माणूस इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागला आणि जन्मभर एकाच प्रश्नामागं लागला. एका खोलीत पुष्कळ जण एकदम बोलायला लागले, तर किती जणांचं ऐकू येईल? म्हणजे माणसं नव्हेत, रेडिओ. अल्ट्रावाइडबँड असं त्यांचं भारदस्त नाव. दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं मला समजावलं होतं. हे रेडिओ सलग बोलत नाहीत, अतिशय बारीक ठोके मारतात, आणि प्रत्येकाचा ताल वेगळा. ताल माहीत असला की गर्दीतून आपला माणूस वेगळा काढता येतो. मग अडचण कुठं आहे, मी विचारलं. "जवळचा जोरात बोलायला लागला, की लांबचा बुडतो," तो म्हणाला. मी म्हणालो, मग जवळच्याला एक थोबाडीत द्यायची. आणि पेठेतल्या रिक्षा थांबतील इतका हसलो.

उन्हाळ्यात एका दुपारी तो दुकानात आला. दोनदा म्हणाला, "गुरू, जरा बोलायचंय." मी म्हणालो, बोलू की, आधी हे ऐक… आणि तो उसाचा ट्रक सुरू केला. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेला.

तो वारल्यावर त्याच्या बायकोनं, वहिनींनी, सांगितलं. त्या दुपारी त्याच्या खिशात तपासणीचे कागद होते. पुण्याच्या डॉक्टरकडं जायचं होतं. मी सोबत येईन का, एवढंच विचारायचं होतं. वहिनींचे गुडघे चालत नाहीत. तो एसटीनं एकटाच गेला.

"विचारलं का म्हटलं, तर म्हणाले, त्यो लई रंगात होता," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं…

परवा त्याची पुस्तकं आणायला कॉलेजात गेलो. त्याच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या रेणुकानं प्रयोग सुरू करून दाखवला. लांब टेबलावर काडेपेटीएवढे पाच रेडिओ कमी-जास्त अंतरावर मांडलेले, टोकाला ऐकणारं यंत्र. यंत्राच्या अगदी नाकासमोरच्या रेडिओवर चिकटपट्टी, त्यावर शिवाच्या अक्षरात 'गुरू'. रेणुका ओशाळली.

"सर म्हणायचे, याचा आवाज कमी करून उत्तर काढायचं नाही. हा जोरातच बोलणार, असं धरून लांबच्याचं ऐकायला शिका."

"जमलं का?"

"पुरतं नाही, काका."

पडद्यावर सगळ्यात लांबच्या रेडिओची रेघ पार विस्कटलेली होती. माझा बंद करू का, मी विचारलं. तिनं बोटानं वायर दाखवली. मी वायर काढली. रेघ थरथरली, आणि मग बारीक, स्वच्छ ठोके उमटायला लागले, एकामागून एक.

मी स्टूल ओढून बसलो.

"बोल, शिवा," म्हणालो.