चंद्राच्या खड्ड्यांना कोपरे

आमच्या अकोल्याच्या मामांइतका हट्टी माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि झाला असलाच तर तो मामांशी वाद घालून हरला असेल. मामा वकील होते. पण कोर्टात त्यांचा आवाज चढत नसे तेवढा घरच्या ओसरीवर चढे, आणि तोही म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीवरून नव्हे, तर चंद्रावरच्या खड्ड्यांवरून. माणूस चंद्रावर उतरायला तेव्हा बराच अवकाश होता. कुठल्याशा साहेबाच्या सामानाच्या लिलावात मामांनी एक पितळी दुर्बीण घेतली, आणि पहिल्याच शुद्ध अष्टमीला त्यांना अर्ध्या चंद्राच्या सरळ कडेशी एक भलामोठा खड्डा दिसला. तो गोल नव्हता, त्याला सहा बाजू होत्या. त्या संध्याकाळी मामा जेवले नाहीत. मामींना वाटलं, एखादी केस हरले.

खड्ड्याला कोपरे कसे आले, याचं उत्तर मामांना आपल्याच शेतात सापडलं. "वैशाखात आपली काळी जमीन कशी भेगाळते? तिचे तुकडे गोल निंगतात काय? कोपऱ्याकोपऱ्याचे निंगतात! चंद्राची जमीनबी आंधीच भेगाळलेली हाय. वरून दगड पडला का कड भेगेभेगेनं तुटते. मुद्दा खलास!" एकदा बांधाच्या भांडणासाठी आलेल्या अशिलाला त्यांनी भर उन्हात शेतात नेऊन तासभर भेगा दाखवल्या. तो बिचारा आपल्याच केसची तयारी चालली आहे असं समजून "हो साहेब, हो साहेब" करत राहिला.

मुद्दा मात्र खलास होत नसे, कारण समोर अकबरभाई असत. सरकीचे व्यापारी आणि मामांचे शाळेपासूनचे दोस्त. दर अष्टमीला येऊन ते दुर्बिणीला डोळा लावत, दाढी खाजवत आणि शांतपणे म्हणत, "गोल हाय, वकीलसाहेब. आसमानातून पडलेल्या दगडाचा गड्डा गोलच होते. तुमच्या काचेतच काई नुक्स असन." मग मामा कपबशी आपटत. मामींनी शेवटी त्या दोघांना पितळी पेल्यांतून चहा द्यायला सुरुवात केली.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. पण या वादापायी मामांच्या एकुलत्या एका मुलीचं, कुसुमचं, लग्न रखडलं. पाहायला आलेल्या मुलाला मामा नोकरीबिकरी न विचारता थेट उलटतपासणीला घेत. मोर्शीच्या मुलाच्या संत्र्याच्या बागा होत्या, पण चंद्रावर खड्डे आहेत हेच त्याला ठाऊक नव्हतं. ते समजावताना मामांनी त्याची शेवटची बस चुकवली, आणि दोन दिवसांत नकार आला. दुसरा मुलगा घाबरून "तुम्ही म्हणाल ते" म्हणाला, तर तो मामांनाच पसंत पडला नाही. मी तेव्हा नोकरीनिमित्त त्यांच्याकडेच राहत होतो, आणि मामी देवापुढे बसून रडायच्या ते मी ऐकलं आहे.

अमरावतीच्या राजापेठेतलं स्थळ आलं तेव्हा मामींनी मामांना कुसुमची शपथ घातली, की चंद्राचं नावही काढायचं नाही. दुर्बिणीवर जुनं लुगडं टाकलं. मुलगा कॉलेजात शिकवणारा, म्हणून सुटीचा रविवार ठरला, आणि तो रविवार नेमका शुद्ध अष्टमीचा निघाला.

मंडळी ओसरीवर बसली. डोक्यावर चंद्र, आणि मामा खाली मान घालून आलूबोंड्याकडे पाहत गप्प. मुलाच्या वडिलांनी मला हळूच विचारलं, "वकीलसाहेबाची तब्येत बरी नाई काय?" तेवढ्यात मुलाला लुगड्याखालचे तीन पाय दिसले. "दुर्बीण हाय काय? पाहू?" नाही कसं म्हणणार? त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "तो मोठा खड्डा काय गोल दिसून राहिला!"

मामा लालबुंद झाले. मामींनी डोळे मिटले. आणि इतका वेळ ट्रे घेऊन मुकाट उभी असलेली कुसुम म्हणाली, "गोल नाई तो. नीट पाहा ना. त्याची डावी कड सरळ हाय."

"सावलीनं तसं वाटत असन."

"सावली सरकते, कड सरकत नाई. मी दर अष्टमीले पायते."

दोघांची अशी जुंपली की आलूबोंडे गार झाले. मामा मधे बोलायला तोंड उघडत आणि मामी चिमटा काढत. निघताना मुलगा वडिलांना म्हणाला, "मले काई पटलं नाई. पुन्हा यावं लागन."

"खड्डा पाहाले का मुलगी पाहाले?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि कुसुम आत पळाली.

लग्नात मामांनी दुर्बीण कुसुमसोबत पाठवून दिली. "वाद तिकडं चालला, तर पुरावा इथं ठेवून काय करू?" म्हणाले.

त्यानंतरच्या अष्टमीला अकबरभाई सवयीनं आले. मामा खुर्चीत बसून नुसत्या डोळ्यांनी चंद्राकडे पाहत होते. मामींनी चहा आणून ठेवला, तो दोघांनी घेतला नाही. मला त्या रिकाम्या ओसरीकडे बघवेना. शेवटी अकबरभाईंनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, कोपरे हायेत."

मामांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि कडाडले, "बिना दुर्बिणीचे कोपरे दिसले तुमाले? खोटी साक्ष देता काय?" मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "चला, पुढच्या अष्टमीले अमरावतीले जाऊ दोघं. नीट पाहा, अन् मंग सांगा."